संगणक रचना आणि असेंब्ली भाषा : इंदूरच्या मराठी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या महाविद्यालयात हा विषय चौथ्या सत्रात असतो आणि वर्गातले शिकवणे हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात चालते. तास संपल्यावर मात्र रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांतून येणारी मुलेमुली टेबलाभोवती जमतात आणि तेच प्रश्न मराठीत विचारतात. दरवर्षी हमखास येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ८०८५ या इंटेलच्या जुन्या, साध्या प्रोसेसर चिपच्या संदर्भात आलेले पत्ते आणि बाइट हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या संख्यापद्धतीत आहेत, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

‘आर्किटेक्चर’ आणि ‘ऑर्गनायझेशन’ यांत फरक काय? दोन्ही नावे एकाच विषयाला का लावतात?

प्रोग्राम लिहिणाऱ्याला यंत्र जसे दिसते, म्हणजे त्याला कोणत्या आज्ञा कळतात, त्यात रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली संख्या ठेवण्याची घरे) किती आहेत आणि मेमरीतला पत्ता त्याला कोणकोणत्या रीतींनी सांगता येतो, ते आर्किटेक्चर. त्या आज्ञा पार पाडण्यासाठी आत काय काय जोडलेले आहे, ते ऑर्गनायझेशन. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही यंत्रांची मालिका जाहीर केली, तेव्हा हा भेद व्यवहारात ठळक झाला: मालिकेतील यंत्रांचे वेग आणि किमती वेगवेगळ्या होत्या, पण आज्ञासंच एकच होता, त्यामुळे लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रासाठी नव्याने लिहावा लागत नसे. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलची चिप असो वा एएमडीची, एकच विंडोज दोन्हींवर चालते, त्यामागचे कारणही हेच आहे. अभ्यासक्रमात दोन्ही गोष्टी येतात, म्हणून नावांचीही सरमिसळ होते.

८०८५ ही १९७६ सालची चिप आहे. ती आजही का शिकवायची?

हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे नोकरी करणारे मोठे भाऊ-बहीण अधिक तावातावाने विचारतात, आणि तो गैर नाही. बाजारात या चिपवर नोकरी मिळणार नाही, हे मान्यच आहे. तरीही मी तिच्या बाजूचा आहे. ८०८५मध्ये सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर, ४० पिन, ७४ प्रकारच्या आज्ञा आणि ६४ केबीपर्यंतची मेमरी, एवढाच सगळा संसार आहे. एखादी आज्ञा मेमरीतून कशी येते, कोणत्या घड्याळाच्या ठोक्याला कोणत्या पिनवर काय दिसते आणि ती आज्ञा संपायला किती ठोके लागतात, हे एका विद्यार्थ्याला एका दुपारी कागदावर पूर्णपणे मांडता येते. आजच्या प्रोसेसरबाबत असे मांडणे तो बनवणाऱ्या एका अभियंत्यालाही एकट्याने जमणार नाही. हा विषय मुळात हिशेबाचा आहे, आणि हिशेब शिकायचा तर आधी छोट्या दुकानाची वही लिहावी लागते.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत याच कुळातील ८०सी८५ ही चिप होती. तेव्हाही ती नवी नव्हती. ती गाडी चालवायला तेवढी पुरेशी होती.

सी आणि पायथन येत असताना असेंब्ली कशासाठी?

असेंब्ली म्हणजे यंत्राच्या एकेका आज्ञेला एक छोटे नाव देऊन लिहिण्याची भाषा. तीत मोठे प्रोग्राम लिहिण्यासाठी नक्कीच नाही. तुम्ही सीमध्ये लिहिलेल्या एका ओळीची यंत्राला किती किंमत पडते, हे पाहता यावे यासाठी ती शिकायची. जीसीसी या कंपायलरला सी फाइलसोबत ‘वजा कॅपिटल एस’ हा पर्याय दिला की तो असेंब्लीची फाइल तयार करून देतो. दहा ओळींचे फंक्शन घ्यावे, ती फाइल उघडावी आणि प्रत्येक ओळीचे पुढे काय झाले ते शोधावे. नंतर ‘ओ-२’ हा पर्याय देऊन तेच पुन्हा करावे. एखादे अख्खे लूप गायब होऊन त्याच्या जागी एकच आकडा बसलेला दिसला की कंपायलर काय करतो याची जी समज येते, ती व्याख्या पाठ करून येत नाही.

गणित किती लागते?

बेरीज, वजाबाकी आणि दोनाचे घात, एवढ्यावर भागते. टू’ज कॉम्प्लिमेंट, म्हणजे उणे संख्या बिटांत लिहिण्याची रीत, मात्र पक्के हवे. उणे ५ म्हणजे ८ बिटांत एफबी, हे विचार न करता लिहिता आले पाहिजे. ७एफमध्ये १ मिळवल्यास ८० येते. हेच बिट बिनचिन्हाच्या संख्या म्हणून वाचले तर १२७ अधिक १ बरोबर १२८, म्हणजे सारे काही ठीक. चिन्हासह वाचले तर मात्र १२७ अधिक १ बरोबर उणे १२८ असा भलताच निकाल लागतो. बिट तेच, अर्थ दोन. आणि कोणता अर्थ घ्यायचा हे यंत्राला ठाऊक नसते, ते तुम्हाला ठाऊक असावे लागते. ८०८६ या पुढच्या १६ बिटी चिपमध्ये अशा वेळी उभा राहणारा ओव्हरफ्लो फ्लॅग आहे; फ्लॅग म्हणजे निकालाबद्दलची एक खूण सांगणारा बिट. ८०८५च्या पाच अधिकृत फ्लॅगांत तो नाही, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर येते.

ही बाब केवळ परीक्षेपुरती नाही. १९९६ मध्ये एरियन-५ हा युरोपचा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत नष्ट झाला. ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करताना ती संख्या त्यात मावली नाही, हे त्याचे मूळ कारण होते.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी काय करावे लागते?

पहिला प्रयोग ५ आणि ७ यांच्या बेरजेचा असतो, आणि तो ऐकून सगळे हसतात. पुढच्या पाऊण तासात हसू ओसरते. प्रोग्राम पाच ओळींचा आहे: ‘एमव्हीआय ए, ०५’, ‘एमव्हीआय बी, ०७’, ‘एडीडी बी’, ‘एसटीए २०५०’ आणि ‘एचएलटी’. म्हणजे ए या रजिस्टरात ५ भर, बीमध्ये ७ भर, बी हे एमध्ये मिळव, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव आणि थांब. किटला, म्हणजे ८०८५ बसवलेल्या सरावाच्या पाटीला, ही अक्षरे कळत नाहीत. त्यावर फक्त सोळा आकड्या-अक्षरांचा आणि ‘गो’, ‘रिसेट’ अशा काही बटणांचा कीपॅड आणि सहा लाल आकडे दाखवणारा डिस्प्ले आहे. त्यातली चार घरे पत्त्याची आणि दोन डेटाची. त्यामुळे तक्त्यात पाहून प्रत्येक ओळीचे बाइट काढावे लागतात: ३ई ०५, ०६ ०७, ८०, ३२ ५० २०, ७६. एकूण नऊ बाइट. ते २००० पासून २००८ पर्यंतच्या घरांत एकेक करून भरायचे, मग ‘गो’ दाबून २००० हा पत्ता द्यायचा, प्रोग्राम चालवायचा, ‘रिसेट’ दाबून २०५० या घरात डोकवायचे. तेथे ०सी दिसले की झाले. बारा का दिसत नाही, असा प्रश्न तेव्हा कोणीतरी विचारतोच, आणि हेक्स संख्या खऱ्या अर्थाने त्या क्षणी समजतात.

यात एक ठरलेली चूक होते. आज्ञेत २०५० लिहिलेले असते, म्हणून विद्यार्थी ३२ नंतर २० आणि मग ५० भरतो. ८०८५ पत्त्याचा खालचा बाइट आधी घेतो आणि वरचा नंतर, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने पत्ता ५०२० होतो. आमच्या किटवर त्या पत्त्याला काहीच जोडलेले नाही. बेरीज अगदी बरोबर होते, उत्तर कोणाच्याही हाती न लागता हवेत विरते आणि २०५०मध्ये आधीचाच कचरा दिसत राहतो. कोणतीही चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण यंत्राच्या लेखी चूक झालेलीच नसते.

या नऊ बाइटांना वेळ किती लागतो, हेही त्याच दिवशी काढून घ्यावे. टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, अनुक्रमे ७, ७, ४, १३ आणि ५, बेरीज ३६. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचे असेल तर १२ मायक्रोसेकंद. एकट्या ‘एसटीए’ला १३ का लागतात? चार टी-स्टेट आज्ञा आणण्याचे, तीन-तीन पत्त्याच्या दोन बाइटांचे आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष लिहिण्याचे. मेमरीकडे चार वेळा जावे लागते, त्याचे हे बिल आहे. मेमरीकडची फेरी महाग असते, ही गोष्ट पुढे कॅशपर्यंत, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीपर्यंत, तुमची पाठ सोडणार नाही.

८०८५मध्ये पत्ता आणि डेटा एकाच तारांवरून कसे जातात? गोंधळ होत नाही का?

इंदूरच्या माणसाला हे समजावणे फारसे अवघड नाही. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो, आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि जिलेबीच्या कढया लागतात. जागा एक, उपयोग दोन, वेळा वेगळ्या. ८०८५च्या एडी-० ते एडी-७ या आठ पिनांची हीच तऱ्हा आहे. प्रत्येक मशिन सायकलच्या (मेमरीकडच्या एका फेरीच्या) पहिल्या टी-स्टेटमध्ये त्यांवर पत्त्याचा खालचा बाइट असतो आणि नंतर त्याच पिनांवरून डेटा जातो. आत्ता कोणती वेळ चालू आहे, हे बाहेरच्या जगाला एएलई ही स्वतंत्र पिन सांगते. एएलई वर असताना पत्ता पुढे जातो आणि ती खाली येताच ते आठ बिट बाहेरच्या लॅचमध्ये पकडून ठेवले जातात. या कामासाठी सहसा ७४एलएस३७३ ही आयसी वापरतात. मग त्या पिना डेटासाठी मोकळ्या होतात.

एवढा खटाटोप पिना वाचवण्यासाठी आहे. १६ पत्त्याच्या आणि ८ डेटाच्या अशा २४ पिना वेगवेगळ्या दिल्या असत्या, तर चाळिसांपैकी उरलेल्या १६ मध्ये वीज, घड्याळ, इंटरप्ट आणि नियंत्रण हे सगळे कोंबावे लागले असते. आठ पिना वाचल्या, एक एएलईत खर्ची पडली, निव्वळ नफा सात पिनांचा. बदल्यात एक जादा आयसी पदरात पडली.

माझा प्रोग्राम कागदावर बरोबर आहे, तरी किटवर चालत नाही. का?

बहुतेक वेळा कागदावरही तो बरोबर नसतो. आपण तो यंत्रासारखा वाचलेला नसतो, इतकेच. एक उदाहरण पाहू. एलईडी लुकलुकवण्यासाठी मध्ये विलंब हवा असतो, म्हणून डी आणि ई या रजिस्टरांच्या जोडीत एफएफएफएफ भरून ‘डीसीएक्स डी’ने एकेक कमी करायचे आणि शून्य होईपर्यंत ‘जेएनझेड’ने मागे उडी मारायची, असे लूप विद्यार्थी लिहितो. वाचताना ते निर्दोष वाटते. किटवर मात्र एलईडी एकदा पेटतो आणि पेटलेलाच राहतो, किंवा विलंब अजिबात होत नाही.

कारण तक्त्याच्या फ्लॅगच्या रकान्यात आहे, आणि तो रकाना कोणी वाचत नाही. एकाच रजिस्टरातून एक कमी करणारी ‘डीसीआर’ झिरो फ्लॅग (निकाल शून्य आल्यास उभा राहणारा) बदलते, पण ‘डीसीएक्स’ एकाही फ्लॅगला हात लावत नाही. त्यामुळे ‘जेएनझेड’ला दिसतो तो पूर्वीच्या कोणत्या तरी आज्ञेने सोडून दिलेला शिळा झिरो फ्लॅग. तो शून्य असेल तर लूप कधीच संपत नाही, आणि एक असेल तर पहिल्याच फेरीत बाहेर पडते. उपाय ठरलेला आहे: ‘डीसीएक्स डी’नंतर ‘एमओव्ही ए, डी’ आणि ‘ओआरए ई’ लिहावे, म्हणजे दोन्ही बाइट शून्य झाले तरच झिरो फ्लॅग उभा राहतो. या चार आज्ञांच्या एका फेरीला ६, ४, ४ आणि १० असे २४ टी-स्टेट लागतात. ६५,५३५ फेऱ्यांना सुमारे पावणेसोळा लाख टी-स्टेट होतात, म्हणजे ३ मेगाहर्ट्झवर जवळजवळ अर्धा सेकंद. डोळ्याला लुकलुक दिसण्यासाठी तेवढे पुरते.

शेवटी ‘एचएलटी’ विसरणे ही दुसरी चूक. मग प्रोसेसर पुढच्या घरांत जे काही पडलेले असेल तेच आज्ञा समजून चालवत राहतो.

८०८६मधला सेगमेंट-ऑफसेट प्रकार डोक्यावरून जातो.

रजिस्टर १६ बिटांची आणि पत्ता २० बिटांचा, या पेचातून काढलेली ती वाट आहे. सेगमेंटचा आकडा एक हेक्स घर डावीकडे सरकवा, म्हणजे शेवटी एक शून्य लावा, आणि त्यात ऑफसेट मिळवा. सेगमेंट १२३४ आणि ऑफसेट ००१० असेल तर १२३४० अधिक १०, म्हणजे १२३५०. सेगमेंट १२३५ आणि ऑफसेट ०००० घेतला तरी तोच पत्ता मिळतो. एका घराला अनेक नावे असतात, यात चूक काही नाही. परीक्षेपुरते एवढे पुरे.

पाइपलाइनमध्ये ‘स्टॉल’ आणि ‘बबल’ म्हणजे नेमके काय?

पाइपलाइन म्हणजे एक आज्ञा पूर्ण होण्याआधीच पुढची सुरू करून आज्ञा टप्प्याटप्प्याने रांगेत पुढे सरकवणे. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या (चित्ररथ) पाहायला तुम्ही उभे राहिला असाल, तर बबल तुम्ही पाहिलेला आहे. रांगेतील एक झांकी कशामुळे तरी थांबते. तिच्या मागच्या सगळ्या थांबतात, पुढच्या मात्र आपल्या गतीने निघून जातात आणि मध्ये रिकामा रस्ता उरतो. ती रिकामी जागा शेवटपर्यंत रांगेसोबत सरकत जाते. पाइपलाइनमधला बबल हा तो रिकामा रस्ता, आणि मागच्यांचे खोळंबणे म्हणजे स्टॉल.

आता आकडे पाहू. आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे, ती पार पाडणे, मेमरीत जाणे आणि निकाल रजिस्टरात लिहिणे असे पाच टप्पे आहेत. १०० आज्ञा एकामागून एक पूर्ण केल्या तर ५०० सायकल लागतील. पाइपलाइनमध्ये पहिलीला ५ आणि उरलेल्या ९९ ना प्रत्येकी एक, म्हणजे १०४. वेग सुमारे ४.८ पट होतो, पाच पट होत नाही, आणि हा फरक परीक्षेत विचारला जातो. मात्र पहिली आज्ञा मेमरीतून एक्स-५ या रजिस्टरात आकडा आणत असेल आणि लगेचची दुसरी आज्ञा त्याच एक्स-५ची बेरीज मागत असेल, तर तो आकडा चौथ्या टप्प्याच्या शेवटी हाती येतो आणि दुसऱ्या आज्ञेला तो त्याच सायकलच्या सुरुवातीला हवा असतो. फॉरवर्डिंगची, म्हणजे निकाल रजिस्टरात लिहिण्याआधीच पुढच्या आज्ञेला देण्याची, सोय असली तरी काळाच्या मागे आकडा पाठवता येत नाही, म्हणून एक बबल सोसावाच लागतो. हुशार कंपायलर त्या दोन आज्ञांच्या मधे तिसरीच एखादी स्वतंत्र आज्ञा सरकवतो आणि रिकामी जागा भरून काढतो.

कॅशची गणिते येतात, पण त्यांचा खरा उपयोग कोठे दिसतो?

तुमच्याच लॅपटॉपवर दिसतो, आणि तो पाहिल्याशिवाय हे प्रकरण सोडू नये. सीमध्ये १०२४ ओळी आणि १०२४ स्तंभांचे पूर्णांकांचे कोष्टक घ्यावे. एक पूर्णांक ४ बाइटांचा, म्हणजे कोष्टक ४ एमबीचे. त्याची बेरीज एकदा ओळीओळीने आणि एकदा स्तंभास्तंभाने करावी, आणि दोन्हींचा वेळ मोजावा. दोन्ही प्रोग्रामांत बेरजा १०,४८,५७६ एवढ्याच, उत्तर तेच, पण दुसरा ठळकपणे हळू चालतो. कंपायलरने स्वतःच लूपची अदलाबदल करू नये म्हणून ऑप्टिमायझेशन बंद ठेवावे.

असे का होते, ते कागदावर काढता येते. कॅशची एक ओळ ६४ बाइटांची धरू. सी भाषा कोष्टक ओळीओळीने मांडते, त्यामुळे एकदा मेमरीकडे जाऊन आणलेल्या ६४ बाइटांत सलग १६ पूर्णांक हाती येतात. सोळा वेळांत एकदाच मिस होतो, म्हणजे हवा तो आकडा कॅशमध्ये सापडत नाही. स्तंभाने जाताना मात्र प्रत्येक पाऊल ४,०९६ बाइटांचे पडते. कॅश ३२ केबीची आणि ८-वे असेल, म्हणजे तिच्या ओळींचे आठ-आठचे गट (सेट) असतील, तर तिच्यात ५१२ ओळी, म्हणजे ६४ सेट असतात, आणि ६४ गुणिले ६४ म्हणजे नेमके ४,०९६. याचा अर्थ असा की एका स्तंभातील सगळेच्या सगळे १०२४ आकडे एकाच सेटच्या दारात येऊन उभे राहतात आणि त्या सेटमध्ये जागा फक्त आठ! नववा आला की पहिला बाहेर. पुढच्या स्तंभासाठी पुन्हा पहिल्या ओळीकडे येईपर्यंत आधी आणलेले सगळे केव्हाच हाकलले गेलेले असते, त्यामुळे पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी मिस होतो. आता कोष्टकाची प्रत्येक ओळ १०२४ ऐवजी १०४० आकड्यांची करून पाहावी. सोळा आकडे वाया जातात, पण सलग पावले वेगवेगळ्या सेटमध्ये पडू लागतात. त्याने काय फरक पडतो तो वहीत लिहून मला दाखवावा. यासाठी मी अंतर्गत गुण राखून ठेवतो.

सरासरी वेळेचे सूत्र तुम्हाला येतेच: हिटचा वेळ अधिक मिसचे प्रमाण गुणिले मिसचा दंड. हिटला १ सायकल, मिस १०० मध्ये ५ आणि दंड १०० सायकलींचा असेल तर सरासरी ६ सायकल. शंभरातल्या पाच चुकांनी काम सहापट महाग केले, हे सूत्रापेक्षा अधिक लक्षात ठेवावे.

मग रिस्क-फाइव्ह मध्येच कशाला आणले आहे?

८०८५च्या आज्ञा कधी एका, कधी दोन, कधी तीन बाइटांच्या असतात, आणि अशा आज्ञांवर वर दिलेली पाच टप्प्यांची पाइपलाइन नीट शिकवता येत नाही. रिस्क-फाइव्हच्या मूळ ३२ बिटी संचात प्रत्येक आज्ञा ३२ बिटांची, रजिस्टर ३२, आणि त्यातले एक्स-० कायमचे शून्य. हा आज्ञासंच २०१० मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाला. तो खुला आहे, त्यावर आधारित चिप बनवण्यासाठी आज्ञासंचाचे परवाना शुल्क द्यावे लागत नाही, आणि म्हणूनच आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपल्याकडचे प्रोसेसर त्यावर उभे राहिले. माझ्या मते विषयाचा अर्धा वेळ ८०८५ला आणि अर्धा रिस्क-फाइव्हला मिळायला हवा. सध्या ८०८६च त्यातला बराच खाऊन टाकते.

गेट परीक्षेसाठी यातले काय उपयोगी आहे?

संगणक विज्ञानाच्या पेपरात मशिन आज्ञा आणि ॲड्रेसिंग मोड, एएलयू आणि डेटापाथ, पाइपलाइन आणि तिचे हॅझर्ड, कॅशसह मेमरीची उतरंड, तसेच इंटरप्ट आणि डीएमए हे घटक आहेत. ८०८५चा तक्ता पाठ करून तेथे काही मिळत नाही.

वर्गात हिंदी-इंग्रजी आणि घरी मराठी. पारिभाषिक शब्दांचे काय करावे?

उत्तरपत्रिकेत जे पुस्तकात आहेत तेच शब्द लिहावेत. समजून घेताना मात्र संकोच नको. हिंदी पुस्तकात ‘इन्स्ट्रक्शन’ला ‘अनुदेश’ म्हणतात. मराठीत ‘आज्ञा’ हा शब्द रुळलेला आहे, प्रोग्रामला ‘आज्ञावली’ म्हणतात, आणि मला तो अधिक नेमका वाटतो, कारण प्रोसेसर आज्ञा पाळतो, सल्ला घेत नाही. रजिस्टर, स्टॅक, कॅश आणि इंटरप्ट यांना हात लावू नये. आजीला विषय समजावून सांगता आला तर तो समजला, असे म्हणण्याची पद्धत आहे. मी फक्त ‘एसटीए’ला १३ टी-स्टेट का लागतात हे धाकट्या भावाला मराठीत सांगून पाहा, असे सुचवीन.

घरी किट नाही. सराव कसा करावा?

किट विकत घेऊ नये. ८०८५साठी जीएनयूसिम८०८५ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. रिस्क-फाइव्हसाठी राइप्स घ्यावे. त्यात पाइपलाइनचे टप्पे आणि त्यांतून सरकणाऱ्या आज्ञा पडद्यावर दिसतात आणि बबल कोठे पडला ते बोट ठेवून दाखवता येते. फक्त एक सावधगिरी बाळगावी. सिम्युलेटर स्वतःच बाइट काढतो, त्यामुळे परीक्षेत किटसमोर बसल्यावर हात अडखळतात. दर आठवड्याला निदान एक प्रोग्राम हाताने असेंबल करावा.

चॅटबॉटकडून प्रोग्राम लिहून घेतला तर चालेल का?

घरी चालेल. व्हायव्हाला मी त्या प्रोग्राममधली एक संख्या बदलतो आणि प्रत्येक ओळीनंतर ए रजिस्टर आणि फ्लॅगांत काय असेल ते कोऱ्या कागदावर लिहायला सांगतो. ज्याने स्वतः लिहिला त्याला पाच मिनिटे लागतात.

वीज गेली की किटमधला प्रोग्राम पुसला जातो. यावर काही उपाय आहे का?

किटचा स्वतःचा मॉनिटर प्रोग्राम ईप्रॉममध्ये असतो, तो टिकतो. तुम्ही भरलेले बाइट रॅममध्ये असतात, ते वीज जाताच नाहीसे होतात. आमच्या प्रयोगशाळेत यूपीएसवर संगणक जोडलेले आहेत, किट नाहीत, आणि त्यासाठी केलेले अर्ज अजून फायलीत आहेत. गेल्या श्रावणातल्या एका दुपारी सात टेबलांवर संख्या चढत्या क्रमाने लावण्याचा प्रोग्राम भरून होत आला होता. वीज दोनच सेकंद गेली आणि परत आली. सातही डिस्प्ले काही घडलेच नाही अशा थाटात नव्याने उजळले आणि २००० मध्ये पाहावे तर भलताच आकडा. सहा टेबलांवर पुन्हा तक्ता शोधण्यापासून सुरुवात झाली. सातव्या टेबलावरच्या मुलीच्या वहीत पत्ता, आज्ञा आणि बाइट असे तीन रकाने आधीच आखून भरलेले होते. तिच्या जोडीदाराने बाइट वाचले, तिने ते भरले आणि चार मिनिटांत तिचा प्रोग्राम पुन्हा चालू झाला.

तेव्हा प्रयोगाला येताना हे तीन रकाने भरूनच यावे; त्याशिवाय मी किटची वीज चालू करू देत नाही. उजवीकडे चौथा रकाना टी-स्टेटसाठी रिकामा सोडावा, तो बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात.